निळ्या डब्यातलं आभाळ

सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. लांबून तिचं गाणं ऐकू आलं की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्चीत बसल्या बसल्या हाक मारतात, "अगं, गाडी आली. निळ्यातून तुझं काही काढायचं राहिलंय का?" अख्खी गल्ली त्या वेळी डब्यात टाकायला धावत असते. मी डब्यातून काढायला धावते.

इंदूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. आमच्याकडे हिरव्या डब्यात ओला कचरा, निळ्यात सुका, शिवाय प्लास्टिक वेगळं, बॅटऱ्या नि वायरी वेगळ्या. गाडीलाच सहा प्रकारांचे कप्पे आहेत. २०१७ साली देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर आला तेव्हापासून गाव या बाबतीत भलतंच हळवं झालंय. गाडीवरचा भैया डब्यात डोकावून बघतो. निळ्यात केळ्याचं साल दिसलं तर "भाभीजी, ये क्या?" एवढंच विचारतो, पण असं विचारतो की दिवसभर टोचत राहतं. तर या शिस्तीचा एक फायदा झाला. घरातला सुका कचरा स्वच्छ, कोरडा, निवडून ठेवलेला हाताशी यायला लागला, आणि मी तो न्याहाळायला लागले.

लसणाची जाळी. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पानं. पार्सलातलं फोडांचं प्लास्टिक, जे फोडायचा मोह मला अजून आवरत नाही. खोक्याचा पुठ्ठा, ज्याचा वरचा कागद ओल्या बोटांनी सोलला की आतल्या उभ्या पन्हाळ्या उघड्या पडतात. आणि पन्नी. आमच्या इंदुरी मराठीत प्लास्टिकच्या पिशवीला पन्नीच म्हणतात; पुण्याच्या चुलत जावा हसतात, हसू देत.

या सगळ्याचं मी काय करते? शाई लावून कार्डावर दाबते. संक्रांतीची भेटकार्डं. पूर्वी तिळगुळाची चिमुकली पुडी कार्डाबरोबर पाकिटात घालून गावोगावच्या नातेवाइकांना जायची, ती पद्धत आमच्या घरात आईंमुळे अजून टिकून आहे. छापील कार्डं आता बघवत नाहीत. सगळ्यांवर तोच पतंग, तीच हसरी वाटी. दोन वर्षांपूर्वी मुलीने मला कार्डं रंगवायचं सामान आणून दिलं, त्यात शाईचे चार छोटे पॅड होते. त्याची किंमत ऐकून आईंनी एक पॅड उलटासुलटा करून पाहिला नि विचारलं, "यात चांदी आहे का?" ते चार पॅड संपले, आणि मी पेनाच्या शाईकडे वळले.

शाईची बाटली आमच्या घरात कायम असते, कारण आई चौऱ्याऐंशीव्या वर्षीही फाउंटन पेननेच लिहितात. त्यांच्या लहानपणी शाई पुडीतून यायची, दौतीत पाणी घालून कालवायची. मुंबईत दिगंबर दांडेकरांनी १९३१ साली घोडा छापाची शाई काढली, त्याच घराण्याची पुढे कॅमल आणि कॅमलिन झाली. आईंना तो घोडा आठवतो. "शाई पातळ झाली की मास्तर ओरडायचे आणि दाट झाली की निब ओरडायची," असं त्या म्हणतात. माझ्या कामाला ही शाई फार चांगली. ती पाण्यात विरघळलेला रंग आहे, त्यात कणांचा गाळ नाही, म्हणून पाण्याच्या मागे मागे जाते. काजळाची शाई तशी नाही. तिच्यातले काजळीचे कण डिंकाने कागदाला चिकटले की पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून जुन्या पोथ्यांची अक्षरं अजून काळीभोर आहेत आणि माझं निळं कार्ड खिडकीत महिनाभर ठेवलं तर आजारी दिसायला लागतं. टिकाऊपणा हवा असेल त्याने काजळ घोटावं. मला पाण्याबरोबर पळणारी शाई हवी.

कागद लग्नपत्रिकांचा. आमच्याकडे लग्नसराईत इतक्या पत्रिका येतात की वर्षभर पुरतात. कव्हरच्या आतली बाजू बहुतेक कोरी असते आणि कागद चांगला जाड. वरचा गणपती मात्र आई आधी कात्रीने कापून घेतात, तो कुठल्याच रंगाच्या डब्यात जायचा नाही. सगळेच कागद चालत नाहीत. चकाकणाऱ्या मुलाम्याच्या कागदावर शाई अळवावरच्या पाण्यासारखी पळते. म्हणून मी ओलं बोट कोपऱ्यावर टेकवते: कागद तिथे काळपटला तर तो शाई पिणार, बोट नुसतंच सरकलं तर तो निळ्या डब्यात परत.

आता पन्नीचं सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यात आहे. दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून ओट्यावर पसरायची. तिच्यावर ड्रॉपरने शाईचे आठ-दहा थेंब टाकायचे, मग बोटं पाण्यात बुडवून शिंतोडे उडवायचे. पाणी प्लास्टिकवर पसरत नाही, टपोरे मणी होऊन बसतं. शाईचे गडद मणी, पाण्याचे फिके मणी, काही एकमेकांत घुसलेले. इथे घाई करायची नाही. क्षणभर बघत राहावं. मग कार्ड पालथं घालायचं, पाठीवर तळहात ठेवायचा, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि एका कोपऱ्याने उचलायचं. उचलताना एक बारीक 'चुट' असा आवाज येतो. कार्डावर निळीची बेटं उमटलेली असतात, प्रत्येकाच्या कडेला गडद रेघ. ही रेघ मला आधी वाटायचं माझ्या हाताचं कौशल्य. नाही. थेंब वाळताना कडेला पाणी आधी उडतं, मग आतलं पाणी रंग घेऊन कडेकडे धावतं आणि तो तिथेच सोडून जातं. ओट्यावर चहाचा थेंब वाळला की त्याची जी तपकिरी गोल कडा राहते, तीच ही. तीस वर्षं मी ती कडा ओल्या फडक्याने पुसत आले.

काळ्या शाईने एकदा फार गंमत केली. दुकानदाराने निळी नाही म्हणून काळी दिली. पन्नीवर पाणी जरा जास्त झालं, आणि कार्ड उचललं तर काळं कुठेच नाही! मधे करडं, त्याच्याबाहेर जांभळट, अगदी कडेला पिवळसर तपकिरी. ती काळी शाई तीन-चार रंग मिसळून केलेली होती. कागदात पाणी जसं पुढे सरकलं तसे काही रंग त्याच्याबरोबर लांब गेले, काही जवळच थांबले. शाळेत खडूवर शाईचा ठिपका लावून पाण्यात उभा करायचो, तोच प्रयोग. आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "घरोघरी हेच. वरून एकच रंग दिसतो."

मिठाचंही सांगायला हवं, पण ते लहरी प्रकरण आहे. कार्डावर पातळ शाईचा हात फिरवायचा आणि ओलं असताना वर खडे मीठ भुरभुरायचं. प्रत्येक खडा आपल्याभोवतीचं पाणी नि शाई ओढतो आणि तिथे फिकी चांदणी उठते. वेळ मात्र गाठावी लागते. कार्ड डोळ्यासमोर तिरकं धरलं की ओल्या शाईवर आरशासारखी चमक दिसते. ती चमक उतरायच्या बेतात असते तेव्हा मीठ टाकायचं. आधी टाकलं तर मीठच विरघळून जातं, नंतर टाकलं तर काहीच होत नाही, फक्त मीठ वाया. पावसाळ्यात केलेली कार्डं मी झटकली पण नीट झटकली नाहीत. आठवड्याने बघते तर कार्डांना घाम. राहिलेल्या मिठाने हवेतली ओल पिऊन घेतली होती. तेव्हापासून कार्ड खडखडीत वाळलं की जुन्या दात घासायच्या ब्रशने मीठ झाडते, आणि मिठाची कार्डं श्रावणात करतच नाही.

स्वयंपाकघरातले इतर रंग थोडक्यात. हळदीचं पाणी सुंदर, पण उन्हात टिकत नाही. तिच्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याचे शिंतोडे मारले की लालसर ठिपके उठतात. हळदीला चुना लागून कुंकू होतं तीच ही युक्ती. लोखंडी कढईत आवळा काळा का पडतो हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला शाई करायला वेगळं शिकवावं लागत नाही: चहाचं कडक पाणी रात्रभर त्याच कढईत ठेवा, सकाळी काळसर होतं. शतकानुशतकं लोक हिरडा किंवा मायफळ आणि लोहाच्या क्षारापासून अशीच शाई करत आले. मी केलेली मात्र फिकट करडी झाली, आणि कढई घासायला अर्धा तास गेला.

मला खरं करायची होती ती पाण्यावरच्या रंगांची नक्षी. जुन्या जाडजूड पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या आत असते ना, लाटालाटांची, संगमरवरासारखी. मासिकात वाचलं होतं की दाटसर पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने विंचरायचे आणि वरून कागद टेकवायचा. मेथ्या रात्रभर भिजवून चिकट पाणी केलं, गाळलं, ताटात ओतलं, वरून शाईचे थेंब सोडले. थेंब सरळ तळाला. दुसरे सोडले, तेही तळाला. विरघळलेला रंग तरंगणार कसा? पाचव्या मिनिटाला ताटात मेथीचं निळं सार तयार होतं. ते हिरव्या डब्यात टाकायचं की मोरीत, यावर घरात चर्चा झाली.

मग मी राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात गेले. वह्या-पुस्तकांचा बाजार तो. तिथे एका बोळात एक म्हातारे बाइंडर बसतात, त्यांच्याकडे सासऱ्यांची ज्ञानेश्वरी मी पूर्वी बांधून घेतली होती. त्यांना लाटांचा कागद कसा करतात म्हणून विचारलं. ते म्हणाले, "करते नहीं, लाते हैं," आणि फळीवरून एक ताव ओढून समोर टाकला. "अबरी." हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. आजोबांच्या तोंडी होता, अबरीच्या पुठ्ठ्याची वही. फारसीत अब्र म्हणजे ढग. अबरी म्हणजे ढगाळलेला कागद. माझ्या डोक्यात ती आजवर संगमरवराची नक्षी होती. दगडाचा ढग झाला तिथेच, त्या बोळात, पंख्याखाली उडू नये म्हणून बाइंडरने हाताने दाबून धरलेल्या तावावर.

या ढगांनी आपल्याकडे काय काय केलंय! सतराव्या शतकात विजापूरला आदिलशाहीतल्या चित्रकारांनी अबरीतूनच चित्रं काढली. हाडं वर आलेला मरतुकडा घोडा आणि त्याच्यावरचा स्वार, पण घोड्याच्या अंगावर कातडीच्या जागी लाटाच लाटा. जिथे नक्षी नको तिथला कागद झाकायचा, मग तरंगत्या रंगांवर टेकवायचा. म्हणजे पार्श्वभूमीला लावायची गोष्ट त्यांनी उचलून अंगावर घेतली. छायाचित्रातच पाहिलंय मी ते, पण तो घोडा डोळ्यांपुढून जात नाही.

चित्रकलेला इंदुरात तोटा नाही म्हणा. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इथे चित्रशाळा काढली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिच्यातूनच निघाले, एम. एफ. हुसेनही काही काळ तिथे शिकले. बेंद्रे पुढे बडोद्याला जाऊन नावाजलेले गुरू झाले. आमची नणंदही बडोद्यालाच दिली आहे, एवढाच आमचा नि त्यांचा धागा. आमची कला ओट्यावरची, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली.

अबरी शेवटी नवऱ्याच्या शेव्हिंग फोमने दिली. केकच्या जुन्या ट्रेमध्ये फोम पसरायचा, पट्टीने सपाट करायचा, वर शाईचे थेंब. फोम त्यांना बुडू देत नाही. खराट्याच्या काडीने उभ्या रेघा ओढायच्या, मग आडव्या. थेंब पिसासारखे लांबतात. त्यावर कार्ड दाबून उचललं की सगळा फोम चिकटून येतो नि वाटतं, गेलं. पण पट्टीने तो एका दमात खरवडून काढला की खाली नक्षी लख्ख. नवरा दाढी वाढवायच्या विचारात आहे असं तो हल्ली वरचेवर सांगतो.

एवढं सगळं केलं आणि त्या वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी पंचवीस कार्डं आईंसमोर ठेवली. लिहायचं काम त्यांचं. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं कार्ड घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं. दुसरं घेतलं. पाच-सहा झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे गं. पण लिहू कुठे?"

मी म्हटलं, "आई, वरूनच लिहायचं की."

"निळ्यावर निळं? आणि इथे निब अडकते, मीठ राहिलंय बघ."

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मी बेटं, चांदण्या नि लाटा ठासून भरल्या होत्या. श्वास घ्यायला बोटभर जागा नव्हती. त्यात बोलणारी आई कोण, तर जन्मभर पोस्टकार्डाच्या चारी कडा लिहून भरणारी! भारतात पोस्टकार्ड निघालं १८७९ साली, पाव आण्याला. त्या वीतभर कागदावर किती मजकूर मावतो याची हद्द आमच्या आईंनी पाहिलेली आहे. पत्त्याच्या बाजूला शेवटचं वाक्य, ते संपलं नाही तर वरच्या कडेला उलटं, आणि 'कळावे' कुठेतरी तिकिटाच्या बगलेत. मी हे बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी कार्डं कोरी असायची. ती मी भरायचे. तू आधीच भरून देतेस."

पंचवीसपैकी अठरा कार्डांवर शेवटी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर मजकूर, मागे माझं आभाळ. पार्सलाला लावतात त्या चिठ्ठीसारखं दिसत होतं. यंदा मी शहाणी झाले असं म्हणवत नाही. हात आवरत नाही. एक थेंब टाकला की दुसरा टाकावासा वाटतो, आणि कोरा भाग दिसला की तो राहून गेलाय असंच वाटतं. आता कागदाची पट्टी आधी मधोमध ठेवते, कडेने रंगवते, मग पट्टी उचलते. तरीही कडेचे दोन थेंब हळूच आत सरकवलेले असतात, ते आईंना दिसतात.

यंदाची फजिती शेवेची. इंदूरच्या घरात शेवेची रिकामी पाकिटं किती निघतात ते इंदूरकरांनाच ठाऊक. आतली बाजू चांदीसारखी, गुळगुळीत. पन्नीपेक्षा मणी चांगले बसतील असं वाटलं. साबणाने धुतलं, पुसलं, शाई टाकली, कार्ड टेकवलं. वरच्या बाजूला बेटं झक्क उठली. पण मधे नि खाली शाई धरलीच नाही, आणि उजेडात धरलं तर कागद तिथे पारदर्शक दिसत होता. तेल. पाकिटाच्या घडीत राहिलेलं. शाई पाण्याची, ती तेलाला शिवत नाही. मेणबत्तीने चित्र काढून वरून शाई फिरवली की मेणाची जागा पांढरी राहते, तिथे आपण ते मुद्दाम करतो. पण मेण जागच्या जागी राहतं, तेल पसरतं. टाल्कम पावडर चोळली, टिपकागद ठेवून इस्त्री फिरवली. डाग फिका झाला, गेला नाही. अर्धं रंगवलेलं कार्ड मी तसंच सोडलं आणि निळ्या डब्यात टाकलं.

संध्याकाळी बघते तर ते आईंच्या हातात. निळ्या डब्यातून काढायची सवय आता दोघींना लागली आहे.

"आई, त्यावर तेल सांडलंय."

"असू दे. खाली मोकळं आहे."

नणंदेला लिहीत होत्या. दिवाळीपासून मायलेकींचं जरा तुटक चाललं होतं. कारण इथे लिहिण्याजोगं नाही, आणि तितकं मोठंही नाही. आठवड्याला फोन व्हायचा, पण हवापाणी, गुडघे, बडोद्याला थंडी किती, आणि ठेवू का. मी पुढे काही बोलले नाही. त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर टेकवत दोन ओळी लिहिल्या, टिपकागद लावला नि पाकिटात हलव्याची पुडी घातली. मी पत्ता लिहून पोस्टात टाकून आले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी फोमवर काडी फिरवत होते. बरबटलेले हात तसेच, कोपराने स्पीकर लावला.

"वहिनी, कार्ड मिळालं. आईच्या पेनातली शाई संपली होती का गं?"

"नाही. का?"

"'चि. बेबीस अनेक आशीर्वाद' नीट आहे. खाली 'तिळगूळ घे', आणि मग नुसतीच निबेची ओरखड. मधला शब्दच नाही. एकदम 'बोल'."

मला तो डाग डोळ्यांपुढे दिसला. नेमका तिथे, दुसऱ्या ओळीच्या मधोमध.

"अगं, ते तेल..." मी सांगायला लागले.

"ते राहू दे. आईला दे फोन. बोल म्हणतेय ना."

फोन पुसून आईंना नेऊन दिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोन कानाला लावून खिडकीकडे तोंड फिरवलं. मी स्वयंपाकघरात परत आले तोवर ट्रेमधला फोम बसला होता नि काडीच्या रेघा सगळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. तरी एक कार्ड दाबून पाहिलं.